पावसाची वही कोण लिहिणार?

२०२५ चा मान्सून २४ मे रोजी केरळात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद हवामान खात्याच्या दप्तरात नव्हती. अशा वर्षी पेरणीची घाई होते, आणि त्या वर्षी तीच घाई अंगाशी येणार होती. कारण मे संपता संपता पाऊस थबकला. जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची सीमारेषा पुढे सरकायला तयार नव्हती. कोरडवाहू शेतकऱ्याला अशा खंडाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उगवलेलं करपतं आणि बियाणं-खताचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले, काही ठिकाणी तब्बल चार आठवडे आधी. हा खंड त्या अंदाजांत पकडला गेला होता. मृगाचं वाहन बेडूक आहे की म्हैस हे पंचांगात बघण्यापासून इथपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे आणि त्याचं कौतुक करताना मला हात आखडता घ्यायचा नाही.

पण हा अंदाज बनला कशातून? त्यात तीन गोष्टी होत्या. गूगलचं ‘न्यूरलजीसीएम’ हे एआय मॉडेल, युरोपीय हवामान केंद्राचं ‘एआयएफएस’ हे तसंच मॉडेल, आणि भारतीय हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदी. बातम्यांत पहिल्या दोन नावांचा गाजावाजा झाला. तिसरी गोष्ट वाक्याच्या शेवटी उरकली गेली.

मला त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. मशीन लर्निंगने, म्हणजे यंत्राला जुन्या नोंदींवरून शिकवण्याच्या तंत्राने, विज्ञानात आजवर जे काही मोठं घडवलं, ते जवळपास सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच, निमूटपणे आणि बहुधा सरकारी पगारावर लिहून ठेवलेल्या नोंदींवर उभं आहे. किती जीपीयू, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिपा, विकत घ्यायचे आणि कुठल्या शहरात एआयचं केंद्र उघडायचं यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. नोंदी कोण ठेवणार, किती प्रामाणिकपणे ठेवणार आणि त्या कुणाला बघू देणार, यावर होत नाही. माझ्या मते आधी तो विषय घ्यायला हवा.

आकडे बघून अंदाज बांधायचा आणि कारण मागाहून शोधायचं, ही रीत काही मशीन लर्निंगने आणलेली नाही. भारतात ती शंभर वर्षांहून जुनी आहे. हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी संबंध लावून १८८६ पासून मान्सूनचे अंदाज द्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात बर्फ जास्त, तर पाऊस कमी. सुरुवातीला जमलं. मग १८९९ साल आलं, अंदाज साफ चुकला आणि देशावर दुष्काळ कोसळला.

१९०४ साली खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हे गृहस्थ केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता आणि नाद होता तो बूमरँगचा. त्यांनी ठरवलं की सिद्धान्त नंतर, आधी आकडे. जगभरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, तापमान, पाऊस, अगदी नाईलच्या पुराच्या नोंदीसुद्धा गोळा झाल्या आणि भारतीय कारकुनांचा ताफा त्यांच्यातले परस्परसंबंध हाताने काढत बसला. एका मालिकेचा दुसरीशी, दुसरीचा तिसरीशी. आजच्या भाषेत याला मॉडेल ट्रेन करणं म्हणायला हरकत नाही, जीपीयूच्या जागी कारकून होते एवढंच.

त्या आकडेमोडीतून हाती लागलं ते विलक्षण होतं. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो आणि उलटही होतं, असा हजारो मैलांचा झोका. वॉकरनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. असं का होतं, हे त्यांना सांगता येईना. समकालीनांपैकी अनेकांना तो आकड्यांचा खेळ वाटला. कारण सापडलं १९६९ साली, जेकब बियर्कनेस यांनी हा झोका प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानाशी, म्हणजे एल निन्योशी जोडून दाखवला तेव्हा. या झोक्यामागच्या वाऱ्यांच्या चक्राला त्यांनी वॉकर यांचं नाव दिलं. ते बघायला वॉकर हयात नव्हते, १९५८ मध्येच ते वारले होते.

ही गोष्ट मशीन लर्निंगच्या बाजूने सांगितली जाते आणि ते रास्तच आहे. कारण माहीत नसतानाही अंदाज उपयोगी पडतो, आणि कधीकधी तोच पुढे कारणापर्यंत नेतो. पण या गोष्टीचा उरलेला भाग सहसा कुणी सांगत नाही. वॉकरनी मान्सूनसाठी वापरलेले बरेचसे संबंध पुढच्या दशकांत विरून गेले. काही योगायोगाने जुळलेले होते, काही तेव्हा खरे होते आणि मग हवामानच बदललं. कोणता कुठल्या जातीचा, हे आकड्यांकडे बघून ओळखू येत नाही.

याची आपल्याकडची आवृत्ती १९८८ साली सुरू झाली. वसंत गोवारीकरांचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. अग्निबाणाच्या घन इंधनावर काम केलेला हा माणूस तेव्हा केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा सचिव होता. त्यांच्या पुढाकाराने १६ घटकांचं मॉडेल तयार झालं. हिमालयातलं बर्फ होतंच, शिवाय ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचा हवेचा दाब, उत्तर भारतातलं मार्चचं तापमान, एल निन्यो आणि अर्जेंटिनातला एप्रिल महिन्याचा दाबसुद्धा. अर्जेंटिना आणि आपली खरीप ज्वारी यांचा संबंध काय, असं तेव्हा कुणी थट्टेने विचारलं असेल तर त्याला मी दोष देणार नाही.

मॉडेल चाललं. वर्षामागून वर्ष ‘सामान्य’ पावसाचा अंदाज आला आणि वर्षामागून वर्ष तो ठीकठाक निघाला. हे यश खोटं नव्हतं, पण त्याला एक मेख होती. १९८८ ते २००१ या काळात देशपातळीवर एकही दुष्काळी मान्सून आलाच नाही. म्हणजे दर जूनला डोळे मिटून ‘दुष्काळ पडणार नाही’ म्हणणाराही या सगळ्या वर्षांत पास झाला असता. मॉडेलची परीक्षा झाली ती थेट २००२ मध्ये. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला.

त्यानंतर जे घडलं ते मला त्या अपयशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. सोळाच्या सोळा घटकांची यादी समोर होती. एकेक घटक काढून हवामान खात्याच्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांना तपासता आलं की कोणाचा पावसाशी असलेला संबंध ढिला पडला आहे. निकामी झालेले वगळले आणि २००३ साली नवं मॉडेल आणलं. त्याआधीच, १९९९ मध्ये, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या के. कृष्ण कुमार यांनी सहकाऱ्यांसोबत ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत लिहिलं होतं की एल निन्यो आणि मान्सूनचं नातं सैल होत चाललं आहे. १९९७ हे त्याचं ठळक उदाहरण. शतकातला एक अतितीव्र एल निन्यो, आणि भारतात पाऊस सरासरीइतका. मॉडेल चुकल्यावर ते उघडून आत बघता येत होतं आणि बघणारी माणसंही होती.

आता नव्या पिढीकडे येऊ. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल डीपमाइंडने ‘ग्राफकास्ट’ प्रसिद्ध केलं. जगाचा दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत, तोही एकाच चिपवर. त्याच कामाला पारंपरिक पद्धतीत महासंगणक तासन् तास राबतो. अचूकतेच्या बहुसंख्य निकषांवर त्याने युरोपीय केंद्राच्या मुरलेल्या मॉडेललाही मागे टाकलं. हुआवेचं ‘पांगू-वेदर’ त्याच वर्षी आलं होतं. युरोपीय केंद्राने धडा घेतला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्वतःचं एआयएफएस रोजच्या कामात लावलं. या क्षेत्रात इतकी मोठी उडी इतक्या थोड्या काळात पूर्वी कुणी पाहिलेली नव्हती. महासंगणकावर कोट्यवधी खर्च करू न शकणाऱ्या देशांना तर हे वरदानच आहे.

ही सगळी मॉडेलं शिकली मात्र प्रामुख्याने एकाच साठ्यावर. त्याचं नाव ‘एरा-५’. १९४० पासून पृथ्वीच्या वातावरणाचं तासातासाचं चित्र त्यात आहे. जहाजांच्या नोंदी, विमानांची मोजमापं, रोज ठरल्या वेळी सोडलेले फुगे, उपग्रह, आणि या सगळ्यांतली भोकं बुजवायला भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर चालणारं जुनंच मॉडेल. ‘भौतिकशास्त्राची गरज संपली’ असं उत्साहात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की यंत्राने ज्या वहीतून अभ्यास केला, ती वही भौतिकशास्त्रानेच लिहिलेली आहे. हा साठा युरोपच्या करदात्यांच्या पैशांतून उभा राहिला आणि कुणालाही फुकट मिळतो. तो फुकट नसता तर ग्राफकास्टही नसतं.

जीवशास्त्रातली कथा याहून वेगळी नाही. गूगल डीपमाइंडच्याच ‘अल्फाफोल्ड’ या मॉडेलने प्रथिनांचे आकार ओळखण्याचं अर्धशतक रखडलेलं कोडं २०२० मध्ये बऱ्याच अंशी सोडवलं आणि २०२४ साली ते घडवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना डेव्हिड बेकर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण अल्फाफोल्ड शिकलं ते ‘प्रोटीन डेटा बँक’ या साठ्यावर. १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झालेला हा साठा तोवर पावणेदोन लाखांच्या घरात गेला होता. त्यातली एकेक रचना म्हणजे कुणाची तरी उमेदीची वर्षं. या क्षेत्राला आणखी एक चांगली सवय होती. १९९४ पासून दर दोन वर्षांनी तिथे आंधळी परीक्षा होते. ज्यांचे आकार प्रयोगशाळेत सापडलेत पण जाहीर झालेले नाहीत अशी प्रथिनं दिली जातात, उत्तरं मागवली जातात आणि मगच खरे आकार उघड केले जातात. म्हणून अल्फाफोल्डचं यश कुणाला नाकारता आलं नाही.

जिथे अशी परीक्षा नव्हती तिथे काय झालं, तेही बघा. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रेवरून किंवा सीटी स्कॅनवरून आजार ओळखणाऱ्या मॉडेलांचा पूर आला. केंब्रिजच्या नेतृत्वाखालच्या गटाने त्यांतले निवडक ६२ शोधनिबंध तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की रुग्णालयात वापरण्याजोगं त्यांत एकही नाही. काहींमध्ये निरोगी फुप्फुसांचे नमुने म्हणून लहान मुलांचे एक्स-रे घातले होते आणि कोविडचे रुग्ण होते मोठे. यंत्र मूल कोण आणि मोठा कोण हे छान ओळखायला शिकलं. कागदावर अचूकता नव्वदीच्या पुढे, वॉर्डात उपयोग शून्य. आकड्यांचा पसारा तोच, यंत्रही त्याच जातीचं. वहीत कुणी काय लिहिलंय हे कुणी पाहिलं नव्हतं.

आता आपल्या वहीकडे या.

साधा पर्जन्यमापक म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेलं नळकांडं आणि त्यावर नरसाळं. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, रजिस्टरात लिहायचे. जवळ झाड नको, इमारत नको. नियम लहान मुलालाही कळेल इतका सोपा. पण रजिस्टरं पाहिलेल्या माणसाला काही गोष्टी लगेच दिसतात. सुट्टीच्या दिवसाचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात जमा झालेलं असतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मोकळ्या असलेल्या कचेरीच्या आवारात कडुनिंब फोफावलेला असतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘पाऊस झाला नाही’ आणि ‘नोंद घेतली नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शून्याने लिहिलेल्या असतात. नंतर संगणकात भरताना त्या शून्यावर संशय घ्यायला कुणी नसतं. यंत्र ते शून्य निष्ठेने शिकतं.

हा नुसता शास्त्रज्ञांचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रात अतिवृष्टीची मदत महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला का यावर ठरते. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा दावा मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्र एका टोकाला, बाग दुसऱ्या टोकाला आणि पाऊस मधल्याच चार गावांवर, हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, अंतर साधारण २५ किलोमीटर. ग्राफकास्ट जगाचे जे चौकोन पाडतं, त्यातला एक चौकोन एवढाच असतो. सांताक्रूझला वेधशाळा नसती तर तो पाऊस आपल्या दप्तरात किती लागला असता, याचा विचार करून बघावा.

उपग्रह आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि हवेतच. पण उपग्रह पाऊस थेट मोजत नाही, ढगांवरून आणि किरणांवरून ताडतो, आणि ते ताडलेलं बरोबर की चूक हे जमिनीवरच्या नळकांड्याशी पडताळूनच कळतं. सह्याद्रीच्या कड्यावर अडणारा पाऊस कमी उंचीच्या ढगांतून पडतो, तिथे तर हा अंदाज हटकून कमी निघतो. आंबोली, महाबळेश्वर, ताम्हिणी इथे माणूस किंवा यंत्र जमिनीवरच हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्र इतकं शिकलंय की मधल्या गाळलेल्या जागा ते स्वतः भरेल, असं म्हटलं जातं. रोजच्या हवामानासाठी हे बरंचसं खरं आहे. पण आपल्याला अंदाज सर्वाधिक लागतो तो न पाहिलेल्या दिवसासाठी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी शिकवण्याच्या साठ्यातून तिसऱ्या ते पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणींची सगळी चक्रीवादळं काढून टाकली आणि मग मॉडेलला पाचव्या श्रेणीचं वादळ दाखवलं. मॉडेलने त्याला सौम्य ठरवलं. जे पाहिलं नव्हतं त्याची ताकद त्याला कळली नाही. मात्र जगाच्या एका भागातल्या मोठ्या वादळांवरून ते दुसऱ्या भागातल्या वादळांबद्दल शिकू शकलं. म्हणजे उपाय पुन्हा तोच, दुर्मीळ घटनांच्या नोंदी, जितक्या मिळतील तितक्या, जगभरातून.

या सगळ्यात आपला व्यवहार कसा आहे? हवामान खात्याने देशाचे चौकोन पाडून त्यांवर बसवलेली १९०१ पासूनची पावसाची आकडेवारी मोफत मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्यामागच्या केंद्रवार कच्च्या नोंदी हव्या असतील तर अर्ज, मंजुरी आणि बऱ्याचदा शुल्क. पाटबंधारे, कृषी, महसूल, महापालिका, प्रत्येकाची आपापली यंत्रं आणि आपापली फाइल. लोकांच्या पैशाने मोजलेला पाऊस लोकांनाच मागून घ्यावा लागतो. ‘एरा-५’ इंटरनेटवरून सहज उतरवून घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला शेजारच्या तालुक्याचं रजिस्टर मिळवायला महिने लागणार असतील, तर तो युरोपच्या आकड्यांवर पीएचडी करणार, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फुकट देणं म्हणजे परदेशी कंपन्यांच्या पदरात टाकणं, ही भीती मी बऱ्याच शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. ती निराधार नाही. अल्फाफोल्ड-३ हे मॉडेल मे २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याचा कोड दिला नव्हता. संशोधकांनी ओरड केल्यावर नोव्हेंबरमध्ये तो शैक्षणिक वापरापुरता मिळाला. जे अर्धशतक सर्वांसाठी खुल्या असलेल्या साठ्यावर शिकलं, त्यानेच दार ओढून घ्यायचं, हे संतापजनक होतं. पण त्याला उत्तर म्हणून आपलं दप्तर कुलपात ठेवल्याने कंपनीचं काही अडत नाही. ती उपग्रहावर भागवते. अडतं ते इथल्या विद्यापीठाचं आणि इथल्या लहान कंपनीचं. त्यापेक्षा अट घालावी. सरकारी नोंदींवर शिकलेल्या मॉडेलचा अंदाज सरकारी कामासाठी विकायचा असेल, तर तो आधी आंधळ्या परीक्षेला बसवायचा आणि निकाल जाहीर करायचा.

आणि पगाराचं काय? नवं मॉडेल बांधणाऱ्याला शोधनिबंध मिळतो, परिषदेचं आमंत्रण मिळतं. जुन्या रजिस्टरांतले खोटे शून्य शोधून काढणाऱ्याला काय मिळतं? आपल्या संशोधन संस्थांत त्या कामाला पद नाही, बढती नाही, बहुतेक वेळा आभाराच्या यादीत नावही नाही. पुण्यात हवामान खात्याच्या राष्ट्रीय माहिती केंद्रात दीड शतकाचं दप्तर आहे. एआयसाठी मंजूर होणाऱ्या निधीतला एक ठरावीक हिस्सा या कामाच्या कायम पदांसाठी बाजूला काढला, तर दहा वर्षांनी येणाऱ्या मॉडेलांना त्याचा जितका उपयोग होईल तितका आज घेतलेल्या चिपांचा होणार नाही. त्या चिपा तोवर भंगारात गेलेल्या असतील.

राहता राहिला अंदाजांतल्या चुकांचा हिशेब. गोवारीकरांच्या मॉडेलमध्ये १६ घटक होते, ग्राफकास्टमध्ये त्याने शिकताना स्वतःच ठरवलेले साडेतीन कोटींहून जास्त आकडे आहेत. चुकल्यावर आत डोकावून अर्जेंटिनाला दोषी धरण्याची सोय आता नाही. म्हणून बाहेरून तपासणी जास्त कडक हवी. ज्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना संदेश गेले, त्यांच्या तालुक्यात अंदाज काय होता आणि प्रत्यक्ष पाऊस कधी आला, हे दर वर्षी ऑक्टोबरमध्ये तालुकावार छापावं, कृषी सहायकाच्या कार्यालयाबाहेर मराठीत लावावं. जिथे अंदाज सलग दोन हंगाम चुकला, तिथे तिसऱ्या वर्षीच्या संदेशातच तसं लिहावं. आणि जिथे पर्जन्यमापकच नसल्यामुळे तो चुकला की नाही हे सांगता येत नाही, त्या तालुक्यांची वेगळी यादी द्यावी. माझा कयास आहे की ती यादी मंत्रालयात सगळ्यात नकोशी ठरेल.